संदर्भसूचीतले काकाजी

संत्र्याच्या बागेतल्या बोलीवर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं होतं की कष्टाचं काम उन्हात, बागेत असेल. ते निघालं स्वल्पविरामात.

मी पांढुर्ण्याची, शिकवते सौंसरच्या कॉलेजात. कॉलेज सुटलं की बोरगावला जायची. तिथं एक वयस्कर काकाजी होते, ज्यांचा उभा जन्म संत्र्याची कलमं बांधण्यात गेला. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवता बसवता ते बोलत आणि मी वहीत उतरवून घेई. झाडाचा जोर खाऊन सरळ वर जाणारी, पण फळ न धरणारी फांदी म्हणजे पानसोट, हे मला त्यांनीच सांगितलं. अशा फांद्यांना विद्यापीठात मोठी पदं मिळतात, हे मात्र मला स्वतःच शोधावं लागलं.

माझ्या गाईड सरांनी पहिलं प्रकरण हातात घेतलं आणि थेट शेवटचं पान उघडलं. मधली पानं त्यांना बहुधा तोंडपाठ असावीत.

"संदर्भ एमएलए पद्धतीनं द्या," ते म्हणाले.

त्या पद्धतीत मुलाखत देणाऱ्याचंही नाव सूचीत येतं, आडनाव आधी. मी खूश होऊन बोरगावला गेले.

"काकाजी, तुमचं नाव एमएलएच्या यादीत टाकलं."

"एमएलए साहेबाच्या?" काकाजींच्या हातातला चाकू थांबला.

"नाही हो, ती लिहायची एक पद्धत आहे..."

पण त्यांनी तोवर शेजारणीला हाक मारली होती. पुढच्या खेपेला ती बाई कागदपत्रांची पिशवी घेऊनच उभी होती. "मॅडम, त्या लिस्टीत आमचं बसते का?"

मग विभागात नवे प्रमुख आले. त्यांना तळटीपा आवडत. सहा महिने काकाजी पानाच्या तळाशी, रेघेखाली, बारीक अक्षरात राहिले. त्यानंतर परिपत्रक आलं की यापुढे फक्त एपीए. त्या पद्धतीचा नियम असा की खाजगी बोलण्यातून मिळालेली माहिती वाचकाला शोधता येत नाही, म्हणून मजकुरात कंसात उल्लेख करा, सूचीत नाव नको.

"काढून टाका," सर म्हणाले.

"सर, अर्धा प्रबंध त्यांच्यावर उभा आहे."

"मग छापील काहीतरी शोधा. आधार पाहिजे ना!"

मी शोधलं. एका विद्वानाचा लेख सापडला. त्यात पानसोट म्हणजे 'अतिपाण्यामुळे पानांस होणारा रोग' असं लिहिलं होतं. लेखाला खंड होता, अंक होता, पृष्ठक्रमांक होते. अर्थ तेवढा नव्हता. सूचीत ती नोंद इतकी रुबाबदार दिसली की सरांनी त्या पानावर पहिल्यांदाच 'छान' असा शेरा मारला.

मला मात्र लाज वाटली. दोन आठवडे मी बोरगावकडे फिरकले नाही. शेवटी गेले आणि सांगून टाकलं की सरांना छापील आधार पाहिजे.

"माहं नाव कटलं का?" काकाजींनी विचारलं.

"हो."

ते कलमावर पट्टी गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "आधार कार्ड देऊ का?"

मला हसू आलं. मग मी त्यांना त्या लेखातला अर्थ वाचून दाखवला.

"कोणं लिवलं हे?"

"एका विद्वानानं."

"बगिच्यात आला होता का तो?"

"माहीत नाही. पण छापून आलंय."

"असं हाय का?" त्यांनी हात झटकले. "मंग मीबी छापतो न! तू लिव, मी सांगून राहिलो."

कॉलेजच्या वार्षिक अंकाचं संपादन माझ्याकडे होतं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं. काकाजींनी चार पानांचा लेख सांगितला. मी एक शब्द सुधारला तर त्यांनी तो परत बदलायला लावला. लेखाखाली नाव त्यांचं. अंक छापून आला आणि मी सूचीत नोंद केली: आडनाव, आद्याक्षर, साल, शीर्षक, पृष्ठं.

सर म्हणाले, "हा संदर्भ विश्वसनीय वाटतो."

माणूस तोच, शब्द तेच. फक्त मध्ये शाई आली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी नियतकालिकांची नावं तिरक्या अक्षरात का नाहीत, यावर माझी झडती घेतली. मग सूचीवरून बोट फिरवत ते एका नावापाशी थांबले.

"या अभ्यासकांचं आणखी काय काय प्रकाशित आहे?"

"सर, बोरगावच्या बऱ्याचशा बागा."

त्यांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं. माझ्या गाईड सरांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

पदवी मिळाली. अंक घेऊन मी बोरगावला गेले. काकाजींनी आपलं पान बोटानं चाचपलं, अंक घडी न करता कपाटात ठेवला आणि मला बसायला बाज ओढली.

"कागद काढ," ते म्हणाले. "आता डिंक्या रोगावर लिवू. अन् या खेपेले फोटो पाह्यजे."