बोहनीची नोट

कारगिलच्या त्या उन्हाळ्यात आमच्या पुलगावात लोक रेडिओ ऐकायचे आणि नोटा बघायचे. कुणीतरी बातमी आणली होती, की दुश्मनानं लढाईसोबत पाचशेच्या खोट्या नोटांची पोतीही इकडे पाठवली आहेत. बंदुकीनं जमलं नाही तर बाजार बुडवून मारायचं. मग काय विचारता! पानठेल्यापासून दवाखान्यापर्यंत जो तो हात वर करून नोट उन्हात धरायचा. नोटेवरचे म्हातारबुवा आमच्याच जिल्ह्यात राहून गेलेले, पण त्या दिवसांत त्यांच्याकडेही सगळे संशयानंच बघत.

आमचं कापडाचं दुकान होतं. आता तिथं मोबाइल विकतात. त्या रस्त्यानं गेलं की कोऱ्या कापडाचा वास नाकाला शोधावासा वाटतो, आणि तो येत नाही म्हणून रागही येतो. तेव्हा मी कॉलेजात होते. सुट्टीत दुकानात बसायचे आणि नोटा तपासायचं खातं मी स्वतःहून, मोठ्या तोऱ्यात घेतलं होतं. माझ्या नजरेतून सुटायची ती एकच नोट, बोहनीची. दिवसाची पहिली नोट बाबा न बघता डोळ्यांना लावायचे, तिला कुंकू लावायचे आणि गल्ल्यावरच्या लक्ष्मीपुढे ठेवायचे. दिवाबत्ती झाल्यावरच ती गल्ल्यात जायची.

"लक्ष्मी घरात येऊन राह्यली, अन् तिले उजेडात धरून पाह्यतं का?" असं म्हणून ते मला गप्प करायचे. मी मनातल्या मनात चरफडायचे.

एका सकाळी नाचणगावची एक म्हातारी बोहनीला आली. तिचा मुलगा फौजेत होता, तेव्हा वर बर्फात. अंगाची लाही लाही होत असताना तिनं स्वेटर मागितलं. माळ्यावरून डांबरगोळ्यांच्या वासाचं हिवाळ्याचं गाठोडं खाली आलं. तिनं एकेक स्वेटर स्वतःच्या छातीशी लावून पाहिलं, कारण पोरगा तिच्याएवढाच आहे, म्हणे. स्वेटर, कानटोपी आणि मोजे, सगळं बाबांनी पाचशेत बसवलं. तिनं पदराची गाठ सोडून नोट दिली, बकरी विकून आलेली. बाबांनी ती डोळ्यांना लावली.

संध्याकाळी मी ती नोट ट्यूबलाइटपुढे धरली. कोपरा कुरतडलेला होता, ते सोडा. आत तारच नव्हती, वरून नुसती रेघ ओढलेली.

"सांगत होते ना मी!" मी शर्यत जिंकल्यासारखी ओरडले. "द्या आता पोलिसात."

"मंग पोलीस कोणाच्या घरी जातीन? फौजीच्या मायच्या?" बाबा म्हणाले, आणि घरी गेल्यावर त्यांनी ती नोट पाणी तापवायच्या चुलीत टाकली.

वाटलं, विषय संपला. पण दोन-तीन दिवसांनी म्हातारी पुन्हा दुकानात आली. बगलेत तेच स्वेटर-मोज्यांचं गाठोडं, अजून न पाठवलेलं. बकरीच्या पैशातली दुसरी नोट तिनं किराण्याच्या दुकानात दिली होती. दुकानदारानं 'दुश्मनाची नोट' म्हणून ती चारचौघांत फाडली होती.

"हे वापस घ्या भाऊ," ती म्हणाली. तिनं गाठोडं गल्ल्यापुढे ठेवलं. "तुमाले देल्ली ते नोट बी तशीच असन. तिकडं ते माह्या पोरावर गोया झाडून राह्यले, अन् मी त्याईच्याच पैशाचं स्वेटर त्याच्या अंगात घालू?"

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते गिळलं. लक्ष्मीपुढे त्या सकाळी दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडून आलेली बोहनी होती, नशिबानं पाचशेचीच, कुंकवासकट. ती उचलून बाबा दारात गेले आणि उन्हात धरली.

"हे पाहा माय, तुमचीच होय. अजून हालवली नाई. दिसली तार?"

धुण्यात रंग जाईल असं वाटलं तर गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारे माझे बाबा! म्हातारीनं नोट पाहिली, मग बराच वेळ बाबांकडे पाहिलं.

"असली हाये," ती म्हणाली.

मी तिथंच मांजरपाटात पार्सल शिवलं आणि तिनं सांगितलेला पत्ता वर लिहिला. ती पोस्टाकडे निघून गेली. पुढे कितीतरी दिवस रेडिओवर बातम्या लागल्या की बाबा मीटर टेबलावर ठेवायचे आणि कापड मापणं थांबवायचे.

लढाई संपली. दिवाळीच्या गर्दीच्या दिवसांत आम्ही एका सकाळी दुकान उघडायला गेलो, तर म्हातारी पायरीवर बसलेली आणि शेजारी तिचा फौजी. तो उभा राहिला तेव्हा मला हसू आवरेना. चांगला ताडमाड गडी! ते स्वेटर त्याला जेमतेम बेंबीपर्यंत आलं असणार.

म्हातारीनं पाचशेची नोट पुढे केली. "घ्या भाऊ. त्या दिवशीची."

"ते तं कवाच झालं ना, माय."

"माह्या नोटेचा कोपरा बकरीनं जाताजाता खाल्लता. तुमी दाखवली ते साबूत होती."

बाबा कुलपाशी खटपट करू लागले. मीच विचारलं, "मंग पार्सल काऊन पाठवलं?"

"ते दुश्मनाच्या पैशाचं कुठं राह्यलं होतं, पोरी? तुह्या बापाच्या पैशाचं झालतं." मग ती बाबांकडे वळली. "पन हे नोट उजेडात पाहून घ्या."

बाबांनी नोट घेतली, डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.