एका भिंतीचा पावसाळा

जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा द्यावा की नाही, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. ते ज्यांच्यामुळे मिळाले, त्या बाईंची ओळख आधी करून द्यायला हवी. मातीकामासाठी त्या कोणत्याही घरात शिरल्या की प्रथम भिंतीला पाठ टेकून जमिनीवर स्वस्थ बसत. कोणी हटकले तर म्हणत, "पाठीले समजू द्या जरा."

पोंभुर्ण्यातले आमचे घर शंभर वर्षांचे आहे. सागवानी खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचे कौलारू छप्पर. निवृत्तीनंतर मी त्यात नळ, वीज आणि घरातच न्हाणीघर अशा सोयी करून घेतल्या; खांब, दारे, कोनाडे मात्र जसेच्या तसे राखले. एकच गोष्ट चुकली. पत्नीला दमा आहे, मातीची धूळ नको, म्हणून निजायच्या खोलीची बाहेरची भिंत आतून-बाहेरून सिमेंटने लिंपून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पायथ्याला बुरशी आली आणि पत्नीची धाप वाढली.

नागपूरचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, घर पाडा. स्लॅबचं बांधू. आईचा जीव महत्त्वाचा की तुमचे खांब?" पाडण्याआधी भिंत एकदा जाणत्या हाताला दाखवावी, म्हणून उन्हाळ्यात मी बाईंना बोलावले.

त्या नेहमीप्रमाणे पाठ टेकून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आत ओल हाये गुरुजी. तिले बाहेर निंगाले वाट नाई. सिमेंट काढा."

"आणि धूळ?"

"थे तं राह्यते. दरसाली लिपा लागते. मी का मातीले सोनं म्हणून राह्यली?"

त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला, तरी शिक्षकाची शंका जाईना. दोन भिंतींची तुलना केली असती, तर दोघींवर पाऊस सारखा पडलाच असता असे नाही. म्हणून एकाच भिंतीचे दोन भाग केले: डावीकडे सिमेंट तसेच ठेवले, उजवीकडचे दोन्ही अंगांनी खरवडून माती लावायची ठरवली. हा भागही ओला राहिला, तर मुलाचे ऐकायचे, असे पत्नीशी बोलून ठेवले.

बाईंनी माती, भाताचे तणीस आणि शेण एकत्र भिजवून कुजत घातले. चौथ्या दिवशी मी विचारले, "आज लावायचे का?"

"पोट्ट्याईले सालभर शिकवता, मंग परीक्षा घेता. मातीले आठ दिवस बी नाई देत?"

नवव्या दिवशी त्यांनी भिंत लिंपली. थापी वापरलीच नाही; सारे काम तळहाताने. कोपरा काटकोनात नको, केरसुणी पोचली पाहिजे, असे सांगून त्यांनी तो हाताच्या वळणाने गोल केला. घरातले सगळे जुने कोपरे तसेच गोल आहेत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते.

पाऊस लागल्यावर दर सोमवारी मी दोन्ही भागांवर ओलीची रेघ पेन्सिलीने आखू लागलो. एकदा बाई डोकावल्या.

"हजेरी घेऊन राह्यले का भिंतीची? गैरहजर राह्यली तं अंगठे धराले लावान?"

सिमेंटवरची रेघ चढतच गेली. मातीवरची चढे, पण चार दिवस उघडीप मिळाली की उतरे. माझी तपासणी पुरी होण्याआधीच पत्नीने खाट मातीच्या टोकाला ओढली. "तुमचा प्रयोग चालू द्या," ती म्हणाली, "मी इथं झोपते." त्या रात्रीपासून तिला नीट झोप लागू लागली.

दिवाळीत मुलगा आला, त्याच खोलीत राहिला आणि उरलेले सिमेंट त्यानेच खरवडले. लिंपायला मात्र दुसऱ्या बाई बोलवाव्या लागल्या. आमच्या बाई तोवर एटापल्लीला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या. मी फोनवर त्यांना निकाल सांगितला.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मग पावसाळाभर मला रेघा का मारू दिल्या?"

"म्या तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, गुरुजी. पन तुमाले ठाऊक व्हाले पाह्यजे ना."

माझे निरीक्षण एका घराचे आणि एका पावसाळ्याचे आहे. त्यावरून नियम ठरवू नये. आपल्याकडे सिमेंट लावलेली मातीची जुनी भिंत असल्यास ती अर्धीच उघडावी, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि माझे म्हणणे खरे की खोटे, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.