गॅरेजमधला निःपक्षपाती माणूस

"आमटी खारट आहे, हा माझा प्राथमिक निष्कर्ष. तुझं म्हणणं मांडायला संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"आत्ताच ऐका. उद्यापासून आमटी तुम्ही करा," काकू म्हणाल्या.

मी जिन्यातच थांबले. माझ्या घरमालक काकांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात नसेल. टार्निट या उपनगरातल्या त्यांच्या घरात वरची खोली माझी होती, आणि कामावर ते माझे बॉसही होते. इथल्या संस्था कुठे चुकतात, जबाबदार कोण, काय सुधारायला हवं, यावर आमची टीम रिपोर्ट लिहायची. ज्याच्यावर टीका, त्याला मसुदा आधी दाखवायचा आणि त्याची बाजू ऐकायची, हा आमच्या कामातला नियम. काकांनी तो घरीही लागू केला होता. शेजाऱ्याचा कुत्रा फार भुंकायला लागला, तेव्हा त्यांनी तक्रारीचा मसुदा कुंपणावरून शेजाऱ्यालाच वाचायला दिला. वर म्हणाले, "No worries, mate, take your time!" शेजारी गोंधळून कुत्र्यासकट माफी मागायला आला. काकांनी कुत्र्याचंही म्हणणं ऐकून घेतलं.

लॉकडाऊनमध्ये ते गॅरेजमध्ये बसत, मी वर. मीटिंगमध्ये त्यांचा आवाज मला दोनदा यायचा, आधी जिन्यातून, मग लॅपटॉपमधून. माझा कॅमेरा बंद, माइकही बंद. बोलायची वेळ आली की मी चॅटमध्ये लिहायचे. मला कोविड झाला तेव्हा काका दाराबाहेर खिचडी ठेवून ओरडायचे, "मोकळेपणाने टीका कर, मी रागावणार नाही!" खिचडी करपलेली असायची. मी पूर्ण संपवायचे.

त्या वेळी आमचा रिपोर्ट वृद्धाश्रमांवर होता. एका आश्रमात वारलेल्या बाईंच्या मुलीशी मी फोनवर बोलले होते. आईला ती शेवटचं भेटली ती बंद खिडकीच्या काचेतून. त्याआधी कित्येक दिवस आश्रमातलं कोणी तिचा फोनसुद्धा उचलत नव्हतं. "हे छापाल ना?" तिने विचारलं. मी हो म्हणाले.

मसुदा वाचून आश्रमाच्या वकिलाने दम दिला. मीटिंगमध्ये काका शांतपणे म्हणाले, "त्या मुलीचा भाग काढू या. थोडा एकांगी वाटतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण तेच वाक्य जिन्यातूनही आलं होतं. कुत्र्याची बाजू ऐकणारा हा माणूस! चॅटमध्ये मी काहीतरी टाइप केलं, पुसलं. मग लॅपटॉप तसाच ठेवून खाली गेले.

गॅरेजमध्ये काका एकटेच होते. वर फॉर्मल शर्ट, खाली पायजमा. मला बघून त्यांनी स्वतःचा माइक बंद केला. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ते कोर्टात गेले तर टीम बंद पडेल गं," ते पुटपुटले. "तुझा जॉबही जाईल."

ते खरंच माझी काळजी करत होते. म्हणून जास्तच धक्का बसला. या वेळी मी चॅटमध्ये न लिहिता बोलले.

"मग त्या मुलीला फोन तुम्ही करा, काका. मी नाही सांगू शकणार तिला."