दाराशेजारचा निळा

स्यू होंगच्या बापानं आयुष्यभर सिमेंट विकलं आणि लेकीनं आयुष्यभर तेच लोकांच्या भिंतींवरून उकरून काढलं. जॉर्जटाउनच्या चिनी वस्तीत हा विनोद इतका शिळा झाला होता की आता तो ऐकून फक्त बापच हसायचा.

तिच्या कार्डावर लिहिलेलं होतं, ‘जुन्या इमारतींच्या जतनाची सल्लागार’. सल्ला मात्र एकच: सिमेंट काढा, चुना लावा. एवढ्या एका वाक्यावर ही बाई बावीस वर्षं जेवतेय, असं जळणारे लोक म्हणत. म्हणोत बापडे! भिंतीवर बोट फिरवून ते जिभेला लावायचं आणि खारट लागलं की “ओल जमिनीतून चढतेय, छप्पर फोडू नका” असं सांगायचं, हे त्या जळणाऱ्यांपैकी एकालाही जमलं नव्हतं. तिचं बोलणं फटकळ, चालणं तुरुतुरु, आणि गेल्या दोन वर्षांपासून गुडघे रुसलेले. त्यामुळे ती शक्यतो जमिनीवर उभी राहूनच काम उरकायची.

तिची खरी कीर्ती होती रंगाच्या शिडीची. ऑपरेशनचं पातं घेऊन ती भिंतीवर काड्यापेटीएवढे चौकोन खरवडायची, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा एक थर खोल. शेवटच्या चौकोनात घराचा पहिला रंग सापडायचा. हेरिटेज कचेरीचा दंडकच होता, दर्शनी भिंतीला तोच रंग द्यायचा. घरमालक काहीही आठवून सांगोत, स्यू होंग म्हणायची, “माणसं विसरतात हो. भिंत नाही विसरत.” आणि अहवाल ठोकून द्यायची. बावीस वर्षांत एकही अहवाल मागं घ्यावा लागला नव्हता, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

अशा बाईची गाठ पडली खॉ बी लियन हिच्याशी.

या म्हातारीला अख्खी गल्ली ‘आमा’ म्हणायची, म्हणजे आजी. पुढच्या महिन्यात तिला एक्याऐंशीवं लागणार होतं. हा वाढदिवस म्हणजे लग्नाच्या वरताण. मुलं, नातवंडं, पतवंडं मेलबर्नपासून येणार होती. घराची दुरुस्ती झाली होती, उरला होता फक्त दर्शनी भिंतीचा रंग. स्यू होंगनं दाराशेजारी, ओवरीच्या आडोशाला, तीन शिड्या खरवडल्या. ऊन-पाऊस लागत नाही तिथंच खरवडायचं, हा धंद्यातला पहिला धडा. तिन्ही शिड्यांच्या तळाशी एकच रंग निघाला. निळा.

“निळा नाही,” आमा म्हणाली.

“आमा, भिंत सांगतेय.”

“भिंतीला सांग, गप्प बस. माझ्या बाबांनी गेरू दिला होता. लाल गेरू.”

“तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात?”

“तुझ्यापेक्षा हुशार असण्याइतकी होते.”

रंगारी सेल्वम बादलीत चुना ढवळता ढवळता खुदकन हसला. तीस वर्षं चुन्यात हात घातलेला माणूस, पण असा तमाशा त्याला नवा होता. स्यू होंगनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि पुन्हा चौकोन मोजायला घेतले. “हा बघा आमा, पांढरा. हा हिरवट. हा पुन्हा पांढरा. हा चौथा—”

“तिसऱ्याच्या पुढचा म्हण!” आमा कडाडली.

ही एक वेगळीच भानगड होती. वाढदिवसाची तारीख ठरली त्या दिवसापासून त्या घरात अशुभ शब्दाला बंदी. चार हा आकडासुद्धा नको, कारण त्यांच्या चिनी बोलीत ‘चार’ आणि ‘मरण’ जवळपास सारखेच ऐकू येतात. सेल्वम एकदा भोळेपणानं म्हणाला होता, “माळ्यावर दोन कबुतरं मरून पडलीत,” तर आमानं त्याला तीनदा चूळ भरायला लावली होती. तेव्हापासून तो कबुतरांना ‘झोपलेली मंडळी’ म्हणायचा.

तीन आठवडे हा तंटा चालला. स्यू होंग रोज सकाळी यायची, आमा रोज तिला कॉफी द्यायची आणि रोज नाही म्हणायची. “अहो, कारण तरी सांगा,” स्यू होंग म्हणायची. “एक कारण द्या, मी कचेरीला कळवते.” कारण विचारलं की आमाचे ओठ घट्ट मिटायचे. अखेर तिनं निर्वाणीचं सांगितलं, “दार निळं झालं तर माझा वाढदिवस या घरात होणार नाही. पोरांना सांगते, हॉटेलात टेबलं लावा. ज्या घरात जन्मले त्याच्या दारात मी त्या दिवशी पाऊल ठेवणार नाही.”

स्यू होंगला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून अहवाल बदलला तर सल्लागार कसली? हट्टाला हट्ट भेटला होता. वाढदिवस बारा दिवसांवर आला होता.

“तुझं खरं असेल बाई,” आमा कॉफीचा पेला तिच्यापुढे सरकवत म्हणाली. “पण माझे बाबा शिडी लावून वरपर्यंत रंगवायचे. तू मात्र एकदाही वर चढली नाहीस. गुडघे दुखतात ना?”

झालं! हे वर्मी लागलं. स्यू होंगनं पातं तोंडात धरलं, पदर नसलेल्या कमरेला पदर खोचल्यासारखा हात मारला आणि सेल्वमच्या बांबूच्या परांचीवर चढली. प्रत्येक पायरीला गुडघे शिव्या देत होते. “अक्का, मी जाऊ का वर?” असं सेल्वमनं विचारलं, तोवर ती आणखी एक पायरी चढली होती. वरच्या खिडकीखाली तिनं शिडी खरवडली. पांढरा, हिरवट, पांढरा, आणि तळाशी लाल. निळ्याचा मागमूस नाही. दुसऱ्या खिडकीखालीही लाल, अस्सल गेरू.

आता तिची चांगलीच तंतरली. एकाच भिंतीचे दोन पहिले रंग? ती खाली येत गेली आणि वीतभर अंतरानं खरवडत गेली. लाल, लाल, लाल. दाराच्या वरच्या कडेपाशी येऊन अचानक निळा. तिनं त्या निळ्याची कड धरून दाराच्या दोन्ही बाजू पिंजून काढल्या. निळा रंग दाराभोवती तेवढाच होता आणि वर एका ठरावीक उंचीवर थांबला होता. स्यू होंग जमिनीवर उतरली, टाचा उंचावल्या आणि हात वर केला. बोटं बरोबर त्या कडेला टेकली.

बांबू बांधून रंगवणारा कारागीर तिथं कशाला थांबेल? हात पोचेल तिथंवर कुणीतरी बाईमाणसानंच रंगवलं होतं. शिवाय निळ्याखालचा गेरू घासून काढलेला होता, गिलाव्यावर ओरखडे उठेपर्यंत. आणि हा निळा रंगाऱ्याचा नव्हेच, ही तर कपड्यांना घालायची नीळ!

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासू गेली तेव्हा तिनं स्वतः दारावरचं सगळं लाल झाकलं होतं, पांढऱ्या कागदानं. घरात माणूस गेलं की दाराशी लाल दिसू द्यायचं नाही. या घरी तेव्हा झाकायला कागद मिळाला नसेल, म्हणून ही नीळ. आमाच्या लहानपणी, लढाईतल्या जपानी अमलात, कुणाला काय मिळत होतं! ऊन-पाऊस लागत नाही ती जागा म्हणजे दाराशेजार, आणि सुतक पाळायची जागाही तीच. धंद्यातल्या पहिल्याच धड्यानं तिला तोंडघशी पाडलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा शब्द तिनं मनातच ठेवला. तीन आठवडे ती या म्हातारीकडे कारण मागत होती, आणि ते कारण उच्चारायची त्या घरात सोय नव्हती.

“आमा,” ती म्हणाली, “माझं चुकलं. गेरूच.”

आमानं विचारलं, “कळलं?”

“कळलं.”

“मग बोलू नकोस.”

स्यू होंगनं कचेरीला पत्र लिहिलं: अहवाल चुकला, चूक माझी. दुसऱ्या दिवशी तिथल्या रोस्लीचा फोन आला. “होंगताई, तुमच्या सहीनं कुणीतरी खोटं पत्र पाठवलंय. म्हणे, तुमचं चुकलं!”

“खरं आहे ते. वरचे नमुने जोडलेत, बघ. दाराजवळच्या निळ्याचं कारण वाढदिवसानंतर देते.”

“वाढदिवसाचा काय संबंध?”

“म्हातारीचा एक्याऐंशीवा आहे, बाबा.”

“आमच्या आजीपुढंही अमुक शब्द चालत नाहीत,” रोस्ली म्हणाला. “द्या रंग. कागदपत्र मी बघतो.”

सेल्वमनं पाच दिवसांत गेरूचे तीन हात मारले. वाढदिवसाला लांब न तुटणाऱ्या शेवया, लाल अंडी, लाल कासवाच्या आकाराचे गोड पदार्थ, आणि लाल दारात लाल कपड्यांतली आमा. पतवंडं तिच्या पाया पडायला रांगेत उभी होती आणि रांगेत ढकलाढकली करत होती. स्यू होंगला आमानं मुद्दाम शेजारी बसवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, “ही माझी हुशार पोर. गुडघे दुखत असताना वर चढली.” सेल्वमनं सहा अंडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्यू होंगचा फोन वाजला. “पातं घेऊन ये,” आमा म्हणाली.

ती गेली तेव्हा आमा ओवरीत खुर्ची टाकून बसली होती. मुलं-नातवंडं अजून घोरत होती. “काल झाला वाढदिवस,” आमा म्हणाली. “आता जीभ मोकळी. बाबा तापानं गेले. आई म्हणाली, दार लाल ठेवायचं नाही. काथ्यानं घासताना माझी बोटं सोलली. मग आम्ही चुन्यात नीळ कालवली. आज ते खरवड. थोडंसं. उघडं राहू दे.”

“कुठं खरवडू?”

आमा उठली. दाराच्या उजव्या बाजूला तिनं कमरेपासून छातीपर्यंत हात फिरवला.

“वरचं सगळं आईचं आहे, ते झाकलेलंच असू दे. हे एवढं माझं. मी पाच वर्षांची होते, माझा हात इथवरच पोचायचा.”

स्यू होंग गुडघे टेकून बसली आणि खरवडू लागली.