चिमणीतलं तेल आणि माझ्या चकल्या

यंदा दिवाळीच्या तोंडावर सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली, की पलीकडच्या टॉवरमध्ये एका स्वयंपाकघरातल्या चिमणीने पेट घेतला. माणसं सुखरूप, पण ओटा आणि वरची कपाटं काळी. आमच्या चिरंजीवांनी ती बातमी चहा पिताना मोठ्याने वाचली आणि चहा संपायच्या आत फर्मान काढलं.

"आई, या वर्षी तळण बंद. फराळ ऑर्डर करू. सर्जापूर रोडवर सगळं मिळतं."

मिळत असेल. इतकी वर्षं बेंगळुरूत राहून मी मोडकं कानडी शिकले, भातावर रसम ओतायला शिकले. पण दिवाळीत माझ्या घरी माझ्या भाजणीची चकली नाही, असं एकदाही झालेलं नाही. तेव्हा मला काय ते कळलं. इथे गप्प बसले, की ओटा हातातून गेला.

"तळणाने चिमणी पेटत नाही," मी म्हटलं, "आत साचलेल्या तेलाने पेटते. उघड, पूस, मग बोलू."

"आपली ऑटो-क्लीन आहे. बटण दाबलं की स्वतःच साफ होते. आत काही नसतं."

"काही नसतं ना? मग पेटेल काय? तळू दे की."

सून कपात तोंड घालून हसली. चिरंजीव म्हणाले, "तसं नसतं गं ते." इंजिनीअर हरायला लागला की असंच बोलतो. त्याचे बाबाही असंच बोलायचे.

आता हे शहाणपण मी जन्मतः घेऊन आले, असं कोणी समजू नये. लग्न होऊन इथल्या चामराजपेटेतल्या भाड्याच्या घरात आले, तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. न्हाणीघरात चुलीवर तांब्याचा हंडा, खाली करवंट्या आणि लाकडं, धूर पत्र्याच्या पाइपातून छपराबाहेर. तो पाइप आतून साफ करायचा असतो, हे त्या बाईसाहेबांच्या गावीही नव्हतं. दिसत नाही ती घाण नव्हेच, हे तिचं तत्त्वज्ञान. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांना कडकडीत पाणी मिळावं म्हणून मी चूल खच्चून भरली. थोड्या वेळाने पाइप विमानासारखा घुमायला लागला. मला वाटलं, काय चूल पेटवलीय आपण. "ऐकलंत? पुण्यात असा आवाज येतो का?" असं सासूबाईंना विचारलं, आणि वर आणखी करवंट्या कोंबल्या.

पाइपातली काजळी पेटली होती. बाहेर त्याच्या तोंडातून ज्वाळा निघत होत्या आणि ठिणग्या पडत होत्या दोरीवर वाळणाऱ्या सासूबाईंच्या लुगड्यावर. घरमालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, धावत आल्या. त्यांनी चुलीच्या तोंडाशी ओलं पोतं दाबून हवा कोंडली आणि आपल्या कानडी-मराठीत मला म्हणाल्या, "करवंट्या पुरे. आता स्वल्प डोकं घाल." सासूबाई ते भोकाभोकांचं लुगडं नेसूनच परत गेल्या. वाटेत ज्याला त्याला दाखवत गेल्या असणार. तेव्हापासून दर अमावस्येला दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून मी तो पाइपातून ओढून काढायची.

तर रविवारी मी चिरंजीवांशी करार केला. चिमणीचा पाइप काढायचा. आत काही नसेल, तर विकतचा फराळ मी निमूट खाईन. निघालं, तर ओटा माझा.

त्याने प्लग काढला आणि आधी चिमणीखालचा तेल साठायचा कप ओढून दाखवला. कोरडा.

"बघ. थेंब नाही."

"खाली उतरलंच नाही, तर कपात येईल कुठून? पाइप काढ."

पाइप निघाला. मी आत बोट घातलं. काकवीसारखं तपकिरी, चिकट काहीतरी बोटाबरोबर बाहेर आलं.

"ही धूळ आहे गं, ओली," तो म्हणाला. "ही काय पेटणार?"

मी बाल्कनीतली एक जुनी पणती आणली. ते चिकट चमच्याने खरवडून तिच्यात भरलं, त्यात फुलवात घोळवली आणि पणती सिंकमध्ये ठेवून काडी लावली. जरा तडतडलं, काळा धूर आला, आणि मग ज्योत सरळ उभी राहिली. चांगली ठसठशीत.

"आजी, शुभं करोति म्हणू?" नातीने विचारलं.

सून खाली बसून हसत होती. चिरंजीव मात्र एकदा पणतीकडे बघत होते, एकदा शेगडीकडे. "आपण याच्याखाली रोज फोडणी करतो," ते हळूच म्हणाले.

"करतो. आता उकळतं पाणी आण, आणि धुण्याचा सोडा."

दुपारभर घासपूस चालली. पाइप इतका माखला होता की नवाच आणावा लागला. ते बटण वाईट नाही, पण त्याचा अंमल पंख्यापुरता. पुढे पाइपात त्याचं कोणी ऐकत नाही.

मग मी तळायला बसले. कढई अर्धीच भरलेली, आच मध्यम, शेजारी घट्ट बसणारं झाकण. चिरंजीवांना तिथेच उभं केलं आणि पढवलं: भडका झालाच तर गॅस बंद, चिमणीचा पंखा बंद, कारण तो ज्वाळा वर ओढतो, आणि कढईवर झाकण. पाणी अजिबात नाही. चिरंजीव झाकण छातीशी धरून उभे राहिले, लढाईला निघाल्यासारखे. पहिला घाणा निघाला. काटेरी, खुसखुशीत. एक चकली तोंडात टाकून ते म्हणाले, "कडबोळीपण करशील ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून ग्रुपवर लिहिलं, की पाइप काढून बघा, आमच्याकडे काय निघालं ते ऐकायला आईला बोलवा. लोकांनी खरंच बोलावलं. आता मी टॉवरमागून टॉवर फिरते आहे. मला खुर्ची आणि कॉफी मिळते. स्टुलावर चिरंजीव चढतात.