सांडपाण्याची ओटी

लंकाबाईचं तोंड वाईट, असं घोटीपलीकडच्या त्या बाजारगावात सगळेच म्हणत. तिची विहीर वाईट असं मात्र कोणी म्हणत नसे. म्हटलं असतं, तर ती कोणी नासवली हेही सांगावं लागलं असतं.

एके काळी त्या विहिरीचं पाणी गोड होतं. गावातली बाळंतीण सव्वा महिन्याने उठली की हळदीकुंकू घेऊन तिथेच यायची, विहीर पुजायची आणि पहिली घागर भरून घरी न्यायची. नव्वदनंतर गाव सुधारलं. घरोघर फरशीची न्हाणी झाली, संडास झाले, आणि त्या सगळ्या सुधारणेचं पाणी नाल्यातून लंकाबाईच्या मेथीच्या वाफ्यांशी आलं. नाला विहिरीत पाझरला. बादली वर येई ती फेस घेऊन. बाळंतिणी आता घरच्या नळालाच कुंकू लावत. देवाला काय, तोटीही चालते.

प्रतिभा सून होऊन आली त्या साली गावाला सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प मंजूर झाला. सरपंच शेखरअण्णा जागा मागायला आले.

"मावशे, नाल्याकडची पट्टी दे. असं पाणी निघंल, की तोंड बघशील त्यात."

"माझं तोंड मला ठावं हाय. विहीर नितळ व्हईल का, ते बोल."

"व्हईल म्हंजे! तुझी सून तिथंच विहीर पुजंल. माझा शब्द."

आयुष्यभर तिने कोणाच्या शब्दाला भीक घातली नव्हती. येणाऱ्या नातवंडापायी घातली.

उद्घाटनाला प्रतिभाचे दिवस भरत आले होते. मांडव, भोंगे, फेटे. हौदात एक मोठा पंखा मैलापाणी घुसळत होता. हवा मिसळली की घाण खाणारे जंतू वाढतात, असं इंजिनिअर माइकवर सांगत होता, आणि लोक जेवण कधी ते विचारत होते. पाणी आलं की जलपूजन आलंच. ते पाणी कुठून आलं, हे कोण बघतो? गावाने सकाळी जे संडासात सोडलं, त्यालाच दुपारी गंगामाई म्हणून ओवाळलं. शेवटच्या हौदात नितळ पाणी उतरायला अजून अवकाश होता आणि मुहूर्त टळत होता. म्हणून सरपंचीणबाई सुवर्णाताईंनी ओटी पंख्याच्याच हौदात सोडली: नारळ, खण आणि हिरवंगार नऊवारी लुगडं. इंजिनिअरचं तोंड उघडलं. समोरचे फेटे बघून मिटलं.

पंख्याने लुगडं गरगर गुंडाळून घेतलं. मोटार कण्हली, धुरावली, थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोटार पुन्हा फिरली नाही. कंपनीने कळवलं, आमच्या हमीत लुगडं बसत नाही. हौद तुंबला, आणि जो नाला आजवर विहिरीत पाझरत होता, तो आता पट्टीवरून सरळ विहिरीत पडू लागला.

प्रतिभाला मुलगी झाली. सव्वा महिना भरला त्या सकाळी लंकाबाईने नात छातीशी धरली, सुनेला पुढे घातलं आणि भर बाजारातून सरपंचाच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिथे बोअरचं पाणी टाकीत पडत होतं. तळ दिसत होता.

"हे काय, मावशे?" दातांवरचा ब्रश थांबवून शेखरअण्णा म्हणाले.

"विहीर पुजायची हाय. तुझा शब्द व्हता."

"अगं, ही आमची प्यायची टाकी!"

"आमचीबी प्यायचीच व्हती, बाबा."

प्रतिभाने टाकीला हळदीकुंकू वाहिलं. मग लंकाबाईने पिशवीतून ओटी काढली. तेच लुगडं, पंख्यातून ओढून काढलेलं, ग्रीसने काळं, गूमुताने ताठ झालेलं. दारात सुवर्णाताई किंचाळल्या.

"टाकू नको! पाया पडतो तुझ्या!" अण्णा ब्रश टाकून पुढे धावले.

"का रं? त्या दिशी तर गंगामाई व्हती."

तिने ते टाकलं नाही. टाकीच्या काठावर पसरून ठेवलं आणि सुनेकडे वळली.

"भर घागर, प्रतिभा. आन रोज हितंच भरायची. माझी विहीर नितळ व्हईस्तोवर."

अण्णांचे डोळे लुगड्यावर होते. त्याचं एक टोक पाण्याच्या वीतभर वर लोंबत होतं.