अक्का कॉलेज बघायला आली

आमच्या घरात लग्न ठरायचं असलं की मुलगा बघायला बाबा जातात आणि घर बघायला अक्का जाते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहिती आहे.

अक्का म्हणजे शिवगंगा, माझ्या बाबांची थोरली बहीण. नात्यानं माझी आत्या, पण बाबा अक्का म्हणतात म्हणून आम्हीही अक्का, आणि आता तर आख्खी गल्लीच अक्का. गडहिंग्लजला आमचं किराणा दुकान आहे, तिथं गल्ल्यावर तीच बसते. मोठ्या आवाजाची बाई. गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं तरी ओरडणार, "काय पावणं, वाट चुकला व्हय?"

घर बघायची तिची एक पद्धत आहे. बाकीचे सगळे सोफ्यावर बसून ऊस, कारखाना, ट्रॅक्टर असलं काहीतरी बोलत असतात, तेवढ्यात ही "हात धुऊन येतो" म्हणून उठते आणि सरळ मागच्या दारी. स्वयंपाकघर, मोरी, तिथल्या सुनेचं तोंड, सगळं बघून परत येते. आणि मनाला पटत नाही तोवर त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. चहा समोर येतो, गार होतो, वर साय धरते, अक्का हात लावत नाही. मग बाबा आपला कप अर्धा ठेवून चप्पल शोधायला लागतात.

माझ्या चुलत बहिणीच्या, वर्षाराणीच्या वेळी दोन चांगली चांगली घरं अशी गेली. सगळे अक्कावर चिडलेले. तिसऱ्या घरात सासू मागच्या कट्ट्यावर बसून सुनेच्या डोक्याला तेल घालत होती आणि घालता घालता तिलाच शिव्या देत होती आणि सून हसत होती. अक्का बाहेर आली ती सलग दोन कप प्याली. वर्षाराणी आज मजेत आहे, उलट सासूला तीच शिव्या घालते.

तर बारावीनंतर माझ्या ॲडमिशनचं सुरू झालं आणि अक्का म्हणाली, मी बघायला येणार.

"अक्का, कॉलेज हाय ते. सासर न्हाय."

"चार वर्सं ऱ्हायाचं हाय न्हवं? झोपायचं तितंच, जेवायचं तितंच. मग घरच की ते."

मला बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करायचं होतं आणि पुण्यातच करायचं होतं. एकच कॉलेज. नाव सांगितलं की लोक "अरे वा!" म्हणतात असलं. तिथं माझं नाव वेटिंगला लागलं. मी दिवसभर फोन घेऊन बसायची, पान उघडायचं, बंद करायचं, परत उघडायचं. नंबर एकानं पुढं सरकला तरी घरभर नाचायची, नाही सरकला की जेवायची नाही. कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या पहिल्याच यादीत माझं नाव आलं होतं, पण मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. तिथं सोमवारी संध्याकाळपर्यंत जाऊन सही करायची होती, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. बाबा म्हणाले, पुण्याचं झालं तर झालं, पण कोल्हापूर सोडू नको. मी म्हटलं, सही केली की पुण्याचा नाद सुटणार, मला माहीत आहे मी कशी आहे ते. आणि रडले.

सोमवारी अक्का आणि मी एसटीनं निघालो. कागलच्या अलीकडं हायवेला एक नवं चकचकीत कॅम्पस आहे, त्यांचे पण मेसेज येत होते, म्हणून आधी तिथं उतरलो. कारंजं, काचेचं दार, एसी. टाय लावलेल्या एका मॅडमनी गार कॉफी आणली. अक्कानं ग्लास बाजूला सरकवला आणि विचारलं, "पोरीच्या पोटात रातीचं दुखाय लागलं तर ती कुणाला उठीवती?"

मॅडम म्हणाल्या, "आमची चोवीस तास हेल्पलाइन आहे."

"हेल्पलाइन पाठ चोळती व्हय?"

मी मॅडमना थँक्यू म्हणून अक्काला ओढतच बाहेर काढलं. हायवेला उभं राहून वडापची जीप मिळेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

कोल्हापूरचं कॉलेज जुनं. भिंतींना रंग लावून बरीच वर्षं झालेली. पण लॅबमध्ये गेलो तर सेकंड इयरच्या मुली गुऱ्हाळातनं आणलेल्या उसाच्या रसात काय काय वाढतं ते बघत होत्या, आणि त्यातल्या एकीनं मी कोण काय न विचारता मायक्रोस्कोपसमोरनं उठून मला म्हटलं, "ये, बघ. हलतंय बघ." मी बघितलं. खरंच हलत होतं. मी तिथनं हललेच नाही, शेवटी अक्कानं बाहेरनं हाक मारली.

त्या मुलीचं नाव मोना. तीच आम्हाला हॉस्टेलवर घेऊन गेली. खोलीत तीन कॉट, दोरीवर ओढण्या, खिडकीत एक तुळस. मोनानं इंडक्शनवर चहा ठेवला. अक्का "हात धुऊन येतो" म्हणून उठली. मला कळलं, आता बाथरूम, मेस, सगळं.

परत आली आणि बसली. चहा समोर. हात लावेना.

रेक्टर मॅडम दारातनं जाताना थांबल्या. "मावशी, सोमवार का? उपास? शेंगदाण्याचा लाडू देऊ?"

"उपास न्हाय ओ. अजून ठरलं न्हाय."

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कानं मोनाला तोच प्रश्न विचारला. पोटात दुखलं तर कुणाला उठवता?

मोना हसायलाच लागली. "अक्का, उठवायला कशाला लागतंय? ही स्वप्नाली हाय न्हवं," तिनं शेजारच्या कॉटवरच्या मुलीकडं बोट केलं, "हिला नुस्तं कण्हलेलं ऐकू येतंय. परवा मला साधा ठसका लागला तर ओव्याचं पाणी करून आणलं. वर शिव्या. म्हणली, परत रात्री मिसळ खाल्लीस तर बघ."

"बघच," स्वप्नाली म्हणाली, पुस्तकातनं मान वर न काढता.

मग मोनानं विचारलं, "पण अक्का, सगळं सोडून हेच का विचारताय?"

"माझ्या लग्नात घर बघायला कुणी गेलं न्हवतं," अक्का म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तसं. "जमीन बघितली, बैल बघितलं. मला दिलं. चौथा म्हैना हुता, रातीचं पोटात दुखाय लागलं. घरभर मान्सं झोपलेली. पण हाक मारावी असं एक न्हवतं. तशीच पडून ऱ्हायलो. सकाळी कळलं सगळ्यास्नी. मग काय ऱ्हायलं न्हवतं."

स्वप्नालीनं पुस्तक मिटलं. मला अक्का सासरहून परत आली एवढंच माहिती होतं. कसं, का, कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी कधी विचारलं पण नव्हतं.

आणि नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. पुणं. वेटिंगमधनं माझा नंबर लागला होता, जागा मिळाली होती, येणार का ते आजच्या आज कळवा म्हणाले. मी "हो" म्हणत किंचाळले, मग अक्काकडं बघितलं, मग म्हटलं, "सर, जरा वेळानं सांगू का?"

"तितं कोण वळखीचं हाय?" अक्का म्हणाली.

होती. आमच्याच ज्युनिअर कॉलेजची क्रांती, एक वर्ष पुढं. त्याच कॉलेजात, तिथल्याच हॉस्टेलला. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अक्का! भारी हाय इथं. लॅब तर असली हाय, यंव रे यंव! येऊ दे तिला."

"ते झालं गं. पोटात दुखलं तर कुणाला उठीवतीस?"

क्रांती हसली. "मी कुठं आजारी पडतोय ओ." मग म्हणाली, "म्हंजे दिवाळीच्या आधी पडल्तो. ताप. सगळ्याजणी चांगल्या हायत अक्का, पण दारं बंद असत्यात, अभ्यास असतो ज्याचा त्याला. म्हटलं कुणाला कशाला उठवा."

"आता जेवलीस?"

पलीकडनं नाक ओढल्याचा आवाज आला. "तुम्ही एकदा या की ओ इकडं."

फोन ठेवला तोवर बाबांचा आला. मी पुण्याचं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "अक्कानं कप उचलला का?"

अक्कानं माझ्या हातातनं फोन घेतला आणि बाबांना म्हणाली, "शिवा, कपाचं सोड. पोरीला इचारू दे तिच्या मनाला." आणि फोन बंद केला. मग माझ्याकडं वळली. "मी मागचं दार बघतो, तेवढंच मला येतंय. पुण्याची लॅब मोठी हाय म्हणती ती पोरगी, ते मला कळत न्हाय. नांदायचं तुला हाय. मला कुणी इचारलं न्हवतं. तू बोल."

मला वाटलं होतं ती काहीतरी ठरवून टाकेल आणि मग मी तिच्यावर चिडेन, रडेन, जेवणार नाही. तसलं काही राहिलंच नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. पुण्यावर माझा जीव होता, अजून पण आहे, खोटं कशाला बोलू. पण पुण्याचा विचार केला की मला कॉलेजची कमान दिसायची, फोटो दिसायचा, लोकांचं "अरे वा" ऐकू यायचं. त्या फोटोत मी काय करतेय ते कधी दिसलंच नव्हतं. इथं येऊन मला तीन तास झाले होते आणि मला उठून जावंसं वाटलं नव्हतं. त्या रसात अजून काय हलतंय ते मला बघायचं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "चहा गार झाला."

"मग?"

"पी की."

तिनं माझ्याकडं बघितलं. नीट, मागच्या दारी सुनेचं तोंड बघते तसं. मग बोटानं साय बाजूला केली आणि तो थंडगार चहा एका दमात पिऊन टाकला. कप खाली ठेवून मोनाला म्हणाली, "आलं घालत न्हाईस व्हय? पुढच्या टायमाला मी आणतो."

मोनाला काहीच कळलं नाही, पण ती हसली. मी रडत होते. स्वप्नालीनं मला रुमाल दिला आणि म्हणाली, "पहिल्याच दिवशी सुरू झाली ही. अवघड हाय."

ऑफिसात जाऊन सही केली, पुण्याला नको म्हणून कळवलं. स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो तेव्हा अक्कानं कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला.

"त्या क्रांतीचा नंबर घाल ह्यात."

"कशाला?"

"रविवारी दुपारनं दुकान बंद असतं," अक्का म्हणाली. "बसल्या बसल्या बोलाय व्हतंय."